कबड्डीचा लिलाव झाला, आता जोड्या तपासा

लिलावाचा दुसरा दिवस संपला की तासाभरात ग्रुपवर प्रश्न येतो, ‘कसा शे आपला संघ?’ उत्तरं सगळी रुपयांत असतात. ह्याला दोन कोटी गेले, तो स्वस्तात सुटला, अमुकसाठी हात वर करायला हवा होता. प्रो कबड्डीत खान्देशचा स्वतःचा संघ नाही. त्यामुळे जळगाव, धुळे, नंदुरबारकडे कोणी यू मुंबाचा, कोणी पुणेरी पलटणचा, आणि काही जण नामी चढाईपटू पवन सेहरावत ज्या संघात जाईल त्या संघाचे. तिघांची चूक मात्र एकच: खेळाडू एकेकटा तोलायचा.

बैल घेताना आपल्याकडे असं कोणी करत नाही. घरचा बैल उजव्या अंगाला चालत असेल तर बाजारात डाव्या अंगाचा शोधतात, उंची आणि चाल जुळते का ते बघतात. एक तेज आणि एक संथ जुंपला की तास वाकडं जातं, मग तेज बैलाला कितीही मोजलेले असोत. कबड्डीचा संघही असाच जोड्यांनी चालतो. लिलावानंतर तपासायच्या त्या ह्या जोड्या.

आधी वहीच्या पानावर अर्धं मैदान काढा. पुरुषांचं मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद, म्हणजे एका संघाला खोली मिळते साडेसहा मीटर. मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर निदान रेषा, जी चढाईपटूने ओलांडायचीच असते; तिच्या मागे १ मीटरवर बोनस रेषा, जिच्या पलीकडे पाय टाकला की जादा गुण. आता सात घरं आखा: डावा कोपरा, डावा इन, डावा कव्हर, सेंटर, उजवा कव्हर, उजवा इन, उजवा कोपरा. डावं-उजवं बचाव करणाऱ्याच्या तोंडाने धरायचं, टीव्हीवर दिसतं तसं नाही. इथे निम्मे लोक गोंधळतात. दोन कोपरे आणि दोन कव्हर ही चार घरं पक्क्या बचावपटूंची. दोन इन आणि सेंटर ही तीन घरं बहुधा चढाईपटूंची, कारण चढाई करून परत आल्यावर त्यांनाही कुठेतरी उभं राहावंच लागतं.

प्रत्येक घरात पेन्सिलीने दोन नावं लिहा, पहिलं खेळणारं आणि दुसरं बदली. संघात किमान १८ खेळाडू लागतात, जास्तीत जास्त २५. त्यातले १४ ह्या सात घरांत जोडीने बसले पाहिजेत. इथेच पहिली गंमत उघडी पडते. ‘आमचा बचाव जबरदस्त’ म्हणणाऱ्या संघात तीन डावे कोपरे निघतात आणि उजव्या कोपऱ्यात नाव लिहायला माणूस सापडत नाही. डावा कोपरा उजवीकडे नेता येत नाही असं नाही, पण त्याचा पुढचा पाय बदलतो, घोट्यावर झेपावायचा हात बदलतो, चढाईपटू येण्याची दिशा उलटी होते. वर्षानुवर्षं एका बाजूने घातलेली झेप महिनाभराच्या सराव शिबिरात फिरत नाही.

आता जोड्या. सगळ्यात महत्त्वाची जोडी एकाच बाजूच्या कोपरा-कव्हरची. चढाईपटू बोनससाठी पाय टाकतो तो कोपऱ्याच्या जवळ. कोपरारक्षक घोटा धरतो, आणि त्या क्षणी कव्हरने आतून धडक द्यायची किंवा पुढे येऊन परतीची वाट अडवायची. दोघांत अर्ध्या सेकंदाचा फरक पडला तर कोपरारक्षक घोट्याला लटकलेला असतो आणि चढाईपटू त्याला ओढत मध्यरेषेकडे निघालेला असतो. कव्हर उशिरा येऊन नुसता चिकटला तर एका गुणाऐवजी दोन जातात. म्हणूनच मागच्या हंगामात एकत्र खेळलेली कोपरा-कव्हर जोडी संघाने राखली असेल, म्हणजे लिलावात न सोडता ठेवली असेल, तर तिची किंमत दोघांच्या बोलीच्या बेरजेपेक्षा जास्त धरावी. उलट, दोन नामी पण अनोळखी माणसं शेजारी उभी केली असतील तर पहिले चार-पाच सामने तोट्याचे समजूनच चला.

दुसरी जोडी दोन कव्हरची. साखळी धरून पुढे सरकायचं आणि मागे यायचं, ह्याची लय हे दोघं ठरवतात. एक कव्हर उतावीळ असला की तो ‘अ‍ॅडव्हान्स’ जातो, म्हणजे चढाईपटूने आपली हालचाल दाखवण्याआधीच अंगावर जातो. साखळी तुटते आणि मागे कोपऱ्यापाशी दार उघडं राहतं. दोघेही उतावीळ असतील तर बघायलाच नको. एक मारणारा आणि एक थांबणारा असं जुळलं पाहिजे.

तिसरी जोडी दोन कोपऱ्यांची. एका कोपऱ्यात दादा माणूस आणि दुसऱ्यात नवखा असेल, तर चांगला चढाईपटू पहिल्या दहा मिनिटांतच ते ओळखतो आणि नवख्याच्याच बाजूला खेळत राहतो. दादाला काम मिळत नाही. सामना संपल्यावर लोक म्हणतात, एवढे पैसे घेऊन दोनच पकडी. त्याची चूक नसते. त्याच्याकडे कोणी आलंच नाही.

ह्याला आधार म्हणून तीन हंगाम बघा.

२०२२ च्या नवव्या हंगामात तमिळ थलैवाजने पवन सेहरावतला २ कोटी २६ लाखांना घेतलं. पहिल्याच सामन्यात गुडघा गेला आणि तो हंगामभर बाहेर बसला. जेवढ्या संघांनी एकट्या माणसावर एवढा पैसा लावला असता, तेवढे बहुतेक तिथेच संपले असते. थलैवाज मात्र पहिल्यांदाच उपांत्य फेरीत गेले. कोपऱ्यांत सागर आणि साहिल गुलिया, कव्हरला मोहित आणि एम. अभिषेक, अशी चार घरं भरलेली होती. चढाईला नरेंदर नावाचा नवा पोरगा उभा राहिला, त्याने २४३ चढाई गुण काढले, शेजारी अजिंक्य पवार होता.

पुढच्याच लिलावात, २०२३ मध्ये, तेलुगू टायटन्सने त्याच पवनला २ कोटी ६०.५ लाख मोजले. ह्या वेळी तो खेळला आणि चांगला खेळला. टायटन्सने २२ पैकी २ सामने जिंकले आणि तळाला राहिले. त्याच हंगामात पुणेरी पलटणने मोहम्मदरझा शादलूला २ कोटी ३५ लाखांना घेतलं, म्हणजे पैसा त्यांनीही ओतलाच. पण शादलू डाव्या कोपऱ्यात उभा राहिला तेव्हा बाकीची घरं आधीच भरलेली होती: कव्हरला संकेत सावंत आणि अबिनेश नादराजन, उजव्या कोपऱ्यात गौरव खत्री, चढाईला अस्लम इनामदार, मोहित गोयत, पंकज मोहिते आणि शेजारच्या नाशिकचा आकाश शिंदे. १ मार्च २०२४ च्या अंतिम सामन्यात त्यांनी हरियाणा स्टीलर्सला २८-२५ हरवलं. एक रिकामं घर आणि त्याच घराचा सर्वात चांगला माणूस, असं जमलं तर दोन कोटी महाग नाहीत.

हरियाणाने मग काय केलं? पुढच्या लिलावात शादलूच २ कोटी ७ लाखांना उचलला. त्यांच्याकडे जयदीप कव्हरला होता, राहुल सेठपाल उजव्या कोपऱ्यात होता. डावा कोपरा तेवढा हवा होता. २९ डिसेंबर २०२४ ला बालेवाडीत ते पाटणा पायरेट्सशी अंतिम सामना खेळले. पाटण्याकडे त्या हंगामाची सर्वात भारी चढाई होती. देवांकने एकट्याने ३०१ चढाई गुण केले होते आणि जोडीला अयान होता. निकाल ३२-२३, हरियाणाच्या बाजूने. अकराव्या हंगामाचा सर्वात महाग खेळाडू मात्र सचिन तन्वर होता, २ कोटी १५ लाखांचा. त्याच्या थलैवाजना बाद फेरीही गाठता आली नाही.

चढाईकडे वळू. इथे लोक पहिला चढाईपटू बघतात; तुम्ही तिसरा बघा. एका सामन्यात एका संघाच्या साधारण चाळीस चढाया होतात. पहिला माणूस त्यातल्या पंधरा-अठरा करेल, पण तो बाद होऊन बाहेर बसला की उरलेल्या कोण करणार? त्याला आत आणायचं तर कोणीतरी हाताने-पायाने स्पर्श करून गडी मारावा लागतो किंवा पकड करावी लागते. बोनस गुणाने बाहेरचा खेळाडू आत येत नाही, हे विसरलं की हिशोब चुकतो. काही चढाईपटूंचे निम्मे गुण बोनसचे असतात. फलकावर ते छान दिसतात, पण त्यांच्यामुळे बाहेर बसलेला मुख्य गडी आत येत नाही. शिवाय बोनस मिळतो तो समोर सहा किंवा सात बचावपटू असतानाच. समोर पाच उरले की ह्यांचं हत्यार बोथट. त्यामुळे बोनसवाला दुसरा म्हणून ठीक. तिसरा मात्र स्पर्शाने गडी मारणारा हवा.

सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी ‘करो या मरो’. त्या चढाईचा माणूस वेगळा लागतो. समोरचे सात जण पुढे येणार नाहीत, बोनसवर फुली मारून उभे राहतील, आणि ३० सेकंदांत गुण आणायचाच, नाहीतर स्वतः बाद. ह्या कामाला उंच, लांब हाताचा आणि थंड डोक्याचा गडी चालतो; नुसत्या वेगाचा चालत नाही. आपल्या संघात हे काम करणाऱ्याचं नाव तुम्हाला झटकन सांगता येत नसेल तर संघालाही बहुधा ठरवता आलेलं नाही.

आणखी एक: दोन्ही मुख्य चढाईपटू एकाच बाजूने शिरणारे असतील तर समोरच्या प्रशिक्षकाचं काम सोपं होतं. तो त्या बाजूला आपला चांगला कोपरा ठेवतो आणि सामनाभर बदलत नाही. एक उजवीकडून, एक डावीकडून, हे साधं जुळणं कोटीच्या बोलीत हमखास विसरलं जातं.

सारंगखेड्याच्या घोडेबाजारात नवखा माणूस रंगावर भाळतो. जाणता आधी दात बघतो, मग घोडा चालवायला लावतो, रेवाल चाल कशी धरतो ते बघतो. कबड्डीत ‘एकूण गुण’ हा रंग. चाल कळायची तर पुढचे आकडे काढावे लागतात.

चढाईपटूचे एकूण गुण भागिले सामने. मग त्याच्या यशस्वी, अयशस्वी आणि रिकाम्या चढाया वेगळ्या करा. शंभरातल्या वीसपेक्षा जास्त वेळा जो पकडला जातो, तो सामन्यात बराच वेळ बाहेर बसतो, आणि बाहेर बसलेला दोन कोटींचा माणूस हा दोन कोटींचा प्रेक्षक. रिकाम्या चढायांवरून मात्र लगेच नाक मुरडू नका. आघाडी टिकवताना प्रशिक्षकच सांगतो की वेळ काढ आणि परत ये.

बचावपटूचे गुण वाचताना अधिक सावध राहायला हवं. मैदानात तीन किंवा कमी बचावपटू असताना केलेली पकड ही सुपर टॅकल, दोन गुणांची. जो संघ सारखा मार खातो, त्याचे तीनच गडी मैदानात जास्त वेळ असतात, आणि त्यामुळे त्याच्या कोपरारक्षकाला सुपर टॅकलच्या संधीही जास्त. हरणाऱ्या संघातल्या बचावपटूचे गुण असे फुगतात. म्हणून सुपर टॅकल वेगळ्या काढा आणि यशाची टक्केवारी बघा: केलेल्या प्रयत्नांपैकी किती पकडी लागल्या. पन्नासच्या आसपास असेल तर माणूस उत्तम. चाळीसच्या खाली गेला तर तो जेवढे मिळवतो त्याहून जास्त देऊन टाकतो, कारण फसलेला प्रत्येक प्रयत्न समोरच्याला किमान एक गुण देतो. पिवळी कार्डं किती, तेही बघा. एक पिवळं कार्ड म्हणजे दोन मिनिटं एक गडी कमी, आणि तेवढ्यात लोण बसू शकतो, म्हणजे सगळा संघ बाद होऊ शकतो. लोणचे दोन गुण जास्तीचे जातात ते वेगळेच.

संगतीने आकडे कसे बदलतात, ह्याचं चांगलं उदाहरण चंदगडकडचा सिद्धार्थ देसाई. सहाव्या हंगामात यू मुंबाने त्याला ३६.४ लाखांत घेतलं, त्याने दोनशेच्या वर चढाई गुण केले आणि मुंबा बाद फेरीत गेली. सातव्यात टायटन्सने १ कोटी ४५ लाख दिले. त्याने पुन्हा दोनशे ओलांडले आणि टायटन्स बाद फेरीच्या बाहेर राहिले. माणूस तोच, गुण जवळपास तेवढेच. मुंबाकडे त्याच्या पाठीशी फझल अत्राचली डाव्या कोपऱ्यात होता, ज्याच्यासाठी त्यांनी त्याच लिलावात १ कोटी मोजले होते.

पैशांचा हिशोब तसा सोपा आहे, पण करत कोणी नाही. संघाची थैली ५ कोटींची. २०२५ च्या लिलावात पायाभूत किंमत अ गटाची ३० लाख, ब गटाची २०, क गटाची १३ आणि ड गटाची ९ लाख होती. एका माणसावर २ कोटी ६० लाख गेले तर उरतात २ कोटी ४० लाख, आणि किमान १७ माणसं अजून घ्यायची असतात. ढोबळ सरासरी १४ लाख. म्हणजे क गटाची पायाभूत किंमत देऊन वर एखादी बोली वाढवण्याइतकीच ताकद. त्या पैशात चार पक्के बचावपटू येत नाहीत. आधीच राखलेली स्वस्त तरुण पोरं असतील तरच हे गणित सुटतं, म्हणून राखलेल्यांची यादी न बघता लिलावावर मत देऊ नये. एकावर थैलीच्या चाळीस टक्क्यांहून जास्त गेले की धोक्याची खूण, असा आमचा अंदाज. वर पुणेरी आणि हरियाणाचे आकडे ह्या रेषेच्या वर आहेत हे खरं, पण त्यांची बाकीची घरं आधीच भरलेली होती.

‘फायनल बिड मॅच’ कार्डाबद्दल ग्रुपवर फार रागराग होतो. आपला जुना खेळाडू दुसऱ्याने बोली लावून जिंकला, तरी त्या शेवटच्या बोलीइतके पैसे भरून जुना संघ त्याला परत घेऊ शकतो. ‘कार्ड का नाही वापरलं?’ ह्याचं उत्तर बहुतेक वेळा त्या बोलीतच असतं. समोरच्या संघाला ठाऊक असतं की हे कार्ड काढणार, म्हणून ते मुद्दाम किंमत चढवून ठेवतात. कार्ड न काढणं हा अनेकदा शहाणपणा असतो. बघायचं ते एवढंच, की सोडलेल्या माणसाच्या घरात कागदावर दुसरं नाव आहे का.

नवख्या तरुणांकडे, ज्यांना ‘एनवायपी’ (न्यू यंग प्लेअर) म्हणतात, चाहते ढुंकून बघत नाहीत, कारण त्यांच्यावर टीव्हीवर हातोडा पडत नाही. नरेंदर असाच आला. अस्लमही असाच आला. त्यांना तपासायला आकडे नसतात. राज्य अजिंक्यपद, कनिष्ठ राष्ट्रीय स्पर्धा, युवा कबड्डी सिरीज असे सामने बघावे लागतात. आपल्या गावच्या मातीवरच्या स्पर्धेत चमकलेल्या पोराबद्दल मत बनवताना एक गोष्ट धरा. मातीवर पाय थोडा घसरतो आणि त्या घसरण्याचा फायदा घेऊन वळणारे चढाईपटू असतात. मॅटवर बूट घट्ट धरतो. वळण तेवढ्याच जोरात घेतलं तर गुडघा आणि घोटा भरडतो. काळ्या मातीतून आलेल्या पोराला पहिलं वर्ष बाकावर मिळालं तर त्यात अन्याय नाही. वजनाचीही मर्यादा आहे, ८५ किलो. पहिलवानी अंगाच्या पोरांना तिथे झगडावं लागतं.

वयाबद्दल सरसकट नियम नाही. चढाईपटूचं शरीर आधी उतरतं. पाचव्या हंगामात ३६९ चढाई गुण करणारा प्रदीप नरवाल अकराव्या हंगामासाठी ७० लाखांना बेंगळुरू बुल्सकडे गेला, बुल्स तळाला राहिले, आणि २०२५ च्या लिलावात त्याला कोणी घेतलं नाही. उलट फझल अत्राचली तिशी उलटल्यावरही त्याच डाव्या कोपऱ्यात उभा राहून २०२५ मध्ये दबंग दिल्लीबरोबर जिंकला. अंतिम सामन्यात पुणेरी पलटण ३१-२८ हरली. कोपऱ्याला अंदाज लागतो, आणि तो वयाने वाढतो. म्हणून तिशीतला कोपरा घेतला म्हणून ओरडू नका. तिशीतल्या चढाईपटूवर कोटी टाकले तर खुशाल ओरडा.

२०२५ चा लिलाव ३१ मे आणि १ जूनला झाला, ऐन बागायती कापसाच्या लागवडीत, आणि हंगाम उघडला पोळ्याच्या आठवड्याभराने, २९ ऑगस्टला. मधले तीन महिने कागद तसाच ठेवायचा. पहिले पाच सामने बघताना गुणफलकाकडे दुर्लक्ष करून तीनच नोंदी करा: कोपऱ्याने घोटा धरला तेव्हा त्याच बाजूचा कव्हर किती वेळा वेळेवर पोचला, मुख्य चढाईपटू बाहेर असताना किती चढाया रिकाम्या गेल्या, आणि करो या मरोला प्रशिक्षकाने दर वेळी एकच माणूस पाठवला की बदलत राहिला. घरात लिहिलेलं नाव दुसऱ्याच घरात उभं दिसलं तर ते खोडून तिथे लिहा. पेन्सिल त्यासाठीच.